मांजरेचा मासा कोणाचा?

शाळेच्या भूगोलात नदीला उगम असतो, लांबी असते, उपनद्या असतात आणि शेवटी ती कुठल्या तरी मोठ्या नदीला मिळते. मांजरेचेही तसेच आहे. बीड जिल्ह्यात पाटोद्याच्या बाजूला, बालाघाटच्या डोंगरात समुद्रसपाटीपासून सुमारे ८२३ मीटर उंचीवर ती उगम पावते. पूर्वेकडे येताना बीड आणि धाराशिव (२०२३ पर्यंतचे उस्मानाबाद) या दोन जिल्ह्यांची सीमा होते. कळंब तिच्या उजव्या काठाला आहे. पुढे लातूर, मग कर्नाटकातील बिदर, मग तेलंगणात शिरून संगारेड्डीच्या बाजूने ती उत्तरेला वळते आणि निजामाबाद जिल्ह्यात कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. एकंदर प्रवास ७२४ किलोमीटरांचा.

एवढे लिहिले की परीक्षेतल्या प्रश्नाचे उत्तर पूर्ण होते. मी याच भागातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. माझ्या वर्गात नदीकाठच्या गावांतून मुले-मुली येतात. नदीत मासा कोणी धरायचा, कुठे धरायचा, कशाने धरायचा आणि धरलेला मासा कोणाचा, हे त्यांना घरातूनच ठाऊक असते. उत्तरपत्रिकेत मात्र यातले अक्षरही उतरत नाही, कारण तसा प्रश्नच कोणी विचारत नाही. प्रस्तुत लेखात तो विचारायचा आहे.

प्रथम नदी समजून घेऊ. मराठवाड्याचे हे पठार समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून अधिक उंच आहे. तरीही मांजरा ही स्वभावाने सखल प्रदेशातली नदी आहे. डोंगर सोडला की तिला उतार फारसा मिळत नाही. काळ्या जमिनीतून ती वळणे घेत, गाळ टाकत, आळसावल्यासारखी चालते. पाऊस वर्षाकाठी साधारण सहा-सातशे मिलिमीटर, तोही जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि त्यातही मोजक्या दिवसांत. म्हणून पुराच्या दिवसांत या काठाचा माणूस त्या काठाला जाऊ शकत नसे, आणि मार्च-एप्रिलात तीच नदी चप्पल न भिजवता ओलांडता येई.

उन्हाळ्यात ती पूर्णपणे मरत नसे, ती डोहांत तुटत असे. नदीचा तळ बेसाल्टचा आहे. काही थर कठीण, काही मऊ. मऊ थर पुराच्या पाण्याने खरवडला जातो, कठीण थर उंबऱ्यासारखा आडवा राहतो. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाण्याची धार जोराने आदळते, तिथेही खोली तयार होते. पाऊस संपला, धार आटली की अशा खोल जागी पाणी साचून राहते. हे डोह. दोन डोहांच्या मधे वाळूचा पट्टा असतो आणि त्या वाळूखालून पाणी वरच्या डोहातून खालच्या डोहाकडे सावकाश झिरपत असते. वाळूत हातभर खड्डा केला की त्यात स्वच्छ पाणी जमा होई. त्याला झिरा म्हणतात. गावच्या विहिरीवर ज्यांना पाय ठेवू दिला जात नव्हता त्या आमच्या आज्यांनी आयुष्यभर झिऱ्याचे पाणी वाटीने घागरीत भरले. या कामात किती तास जात असतील याचा हिशेब कोणत्याही गॅझेटियरमध्ये सापडणार नाही.

नदीच्या या तुटण्यावरच तिथला मासा ठरतो. एप्रिलचा डोह म्हणजे कोमट, गढूळ, प्राणवायू कमी असलेले पाणी. त्यात जो तगेल तोच नदीचा. मरळ आणि डोक या माशांना कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घेण्याची सोय असते. ते मधून मधून वर येऊन हवा घेतात. मांगूरही असाच, चिखल ओला आहे तोवर तो जिवंत राहतो. सापासारखी दिसणारी वाम दगडांच्या कपारीत आणि गाळात दडून बसते. मिशांचे शिंगटे तळाशी वावरतात, आणि शिवडा हा मोठ्या तोंडाचा दांडगा मासा इतरांना गिळून पोसला जातो. शिवाय झिंगे, खेकडे आणि बोटाएवढ्या माशांच्या कितीतरी जाती. मरळीची नर-मादी पिलांची राखण करतात. लालसर पिलांचा पुंजका पाण्यावर तरंगताना दिसला की त्याच्या खाली आई-बाप आहेत हे नदीकाठच्या पोरांना कोणी शिकवावे लागत नाही.

आता माणसांकडे येऊ. आपल्या समाजव्यवस्थेने नदीलाही गावकूस घातले होते. वरच्या अंगाचा पाणवठा सवर्णांचा, त्याच्या खाली बलुतेदारांचा, गुरे धुण्याची जागा त्याच्याही खाली आणि सर्वांत शेवटी महार-मांगांचा. धार वरून खाली येत असल्यामुळे गावाची सगळी घाण ज्यांच्या वाट्याला यायची त्यांनाच अस्वच्छ ठरवण्यात येत होते. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर जे घडले ते या व्यवस्थेच्या मुळावरचा घाव होता. तरी मराठवाड्याच्या खेड्यांत ती पुढे अनेक दशके टिकून राहिली. बाबा आढाव यांना १९७० च्या दशकात ‘एक गाव, एक पाणवठा’ ही चळवळ चालवावी लागली, यातच सर्व आले.

पण मासा हा या व्यवस्थेतला मोठा अडचणीचा प्राणी. तो वरच्या पाणवठ्यावर वाढायचा आणि खालच्या पाणवठ्यावर सापडायचा, आणि सवर्णाच्या घागरीखालून आलेला मासा आमच्या टोपलीत आल्याने कोणी विटाळत नसे. माझे आजोबा सालगडी होते. चैत्र-वैशाखात रान मोकळे झाले, धान्याची कणगी खाली गेली की घरात कोरड्यासाची पंचाईत होई. अशा वेळी डोहाचा मासा उपयोगी पडे. आजी थोडा येसूर घालून कालवण करायची, आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर सगळ्यांना वाटून वाटून ते पुरवायची. बाजारात सुकट मिळे, पण सुकटीला पैसे पडतात. डोहातल्या माशाला फक्त वेळ पडे. दूध, तूप, डाळ ही ज्यांच्या घरी नव्हती त्यांच्या अंगात जे थोडेफार मांस चढले त्यात या फुकटच्या माशाचा वाटा मोठा असला पाहिजे, असे माझे मत आहे.

फुकटचा म्हणजे सर्वांना सारखा, असे मात्र नव्हे. जाळे भोयांचे. पालखी वाहणारे, नावेने उतारू पलीकडे नेणारे, उन्हाळ्यात वाळूत टरबूज-खरबुजाच्या वाड्या लावणारे आणि पाग फेकून मासे धरणारे हे लोक आज भटक्या जमातींच्या यादीत आहेत. मोठ्या डोहांवर रूढीने त्यांचा हात चाले. आणि ज्या डोहाच्या काठाला पाटलाची जमीन, तिथला पहिला चांगला मासा वाड्यावर पोचता करावा लागे. उरलेल्यांनी गळ टाकावा, ओढ्याच्या डबक्याला मातीचा बांध घालून पाणी उपसावे, कपारीत हात घालून चाचपडावे. काही जण हिंगणबेटाची फळे ठेचून डबक्यात टाकत, मासे गुंगून वर येत. जुन्या माणसांकडून हे ऐकताना एक गोष्ट लक्षात येते. साधन जितके किरकोळ तितका त्या साधनाचा धनी गावाच्या बाहेर. फेकजाळ्याला सूत, शिसे आणि कसब लागते. गळाला एक काटा आणि गांडूळ पुरते.

या जुन्या नदीचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. आमच्यातल्या काही लेखकांना अलीकडे गावाच्या आठवणींचा उमाळा येतो, तो मला मानवत नाही. पण एक फरक नोंदवणे आवश्यक आहे. जुन्या नदीत आमच्या माणसाला हलकी जागा होती, तरी त्याने धरलेला मासा त्याचा होता. कायद्याचीही हीच दृष्टी होती. वाहत्या, मोकळ्या नदीतला मासा धरेपर्यंत कोणाच्याच ताब्यात नसतो, म्हणून तो धरणे ही चोरी होत नाही. खाजगी, बंदिस्त तळ्यातला मासा मात्र तळ्याच्या मालकाच्या ताब्यात असतो, तो नेला तर चोरी. हा भेद आपल्या न्यायालयांनी फार पूर्वीपासून केलेला आहे. भारतीय दंड संहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तरी चोरीची व्याख्या तत्त्वतः तीच आहे. तेव्हा पाणी वाहते की अडवलेले, हा प्रश्न केवळ भूगोलाचा राहत नाही. त्यावर माणूस मच्छीमार ठरतो की चोर हे अवलंबून असते.

कळंबच्या खाली, पूर्वेला केज तालुक्यात धनेगाव येथे १९८० साली मांजरेवर धरण पूर्ण झाले. एकूण साठा सुमारे २२४ दशलक्ष घनमीटर, त्यातला सुमारे १७७ उपयुक्त. या नदीवरचे पहिले मोठे धरण त्याच्या कितीतरी आधी, १९३१ साली, निजामाच्या राजवटीत फार खाली तेलंगणात निजामसागर येथे झाले होते. आमच्या टप्प्याला पाणी अडवण्यासाठी स्वतंत्र भारतातही तीस वर्षे थांबावे लागले. धरणाने ऊस दिला, लातूर शहराला नळ दिले. दोन्ही काठांच्या जमिनी फुगवट्याखाली गेल्या, आणि जिथे डोहांची माळ होती तिथे एक विस्तीर्ण तलाव आला.

तलाव आल्यावर मासा वाढायला हवा, असे कोणालाही वाटेल. मासा वाढलाही, पण वेगळा मासा. धरणांत सोडतात ते कटला, रोहू आणि मृगळ. हे मूळचे गंगेच्या मैदानातले मासे. ते भराभर वाढतात, काटे मोठे असतात, बाजारात भाव मिळतो. परंतु साचलेल्या पाण्यात ते सहसा वीत नाहीत, त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. ओडिशात हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी १० जुलै १९५७ रोजी माशाच्या मस्तकातील पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांची अंडी मिळवण्यात यश मिळवले. तेव्हापासून मत्स्यबीज केंद्रांत मत्स्यजिरे तयार करायचे, त्याचे बीज, बिजाची बोटुकली करायची आणि ती तलावात सोडायची, हा मार्ग खुला झाला. देशाच्या अन्नाच्या दृष्टीने हा शोध थोर आहे यात शंका नाही. पण त्याचा एक सामाजिक परिणाम आपल्या अभ्यासकांच्या नजरेतून सुटला आहे.

मरळ स्वतः वीत होती, स्वतः पिले सांभाळत होती. तिच्यावर कोणी पैसा लावला नव्हता, म्हणून तिला मालक नव्हता. कटल्याचे बीज विकत आणावे लागते. ज्याने बीज टाकले तो म्हणतो, मासा माझा. त्याचे म्हणणे खोटे म्हणता येत नाही. अशा रीतीने विज्ञानाच्या एका सुईतून, कोणाचाही वाईट हेतू नसताना, नदीचा मासा मालमत्ता झाला.

पुढचे काम ठेक्याने केले. शासन तलावातील मासेमारीचा हक्क सामान्यतः पाच वर्षांसाठी ठेक्याने देते, आणि त्यात मच्छीमार सहकारी संस्थांना प्राधान्य असते. तत्त्व चांगले आहे. खाजगी सावकाराच्या हाती तलाव जाऊ नये, प्रत्यक्ष जाळे टाकणाऱ्याला लाभ व्हावा, हा त्यामागचा विचार. संस्थेने ठेक्याची रक्कम भरायची, ठरलेल्या प्रमाणात बोटुकली सोडायची आणि सभासदांनी मासे धरायचे. व्यवहारात काय घडते ते तलावाच्या काठावर पहाटे उभे राहिले की दिसते. ठेक्याची रक्कम, बिजाचे पैसे, होडी, नायलॉनचे जाळे, बर्फ, टेम्पो, एवढा पैसा भोयाच्या घरात कुठून असणार? तो व्यापारी देतो आणि मासा त्याला त्याच्या भावाने द्यावा लागतो. संस्था कागदावर सभासदांची, सूत्रे दुसऱ्याच्या हातात, आणि ज्याच्या नावावर ठेका आहे तो किलोमागे मजुरी घेऊन आपल्याच तलावावर राबतो. सर्व संस्था अशा आहेत असे माझे म्हणणे नाही. चांगल्या चालणाऱ्याही आहेत. पण भांडवल बाहेरचे असेल तर सहकार हा शब्द किती पातळ होतो, हे साखर कारखान्यांच्या या मुलुखात निराळे सांगायला नको.

आणि ज्यांच्याकडे गळच होता त्यांचे काय? संस्थेच्या सभासदत्वासाठी मासेमारी हा व्यवसाय दाखवावा लागतो. आमच्या लोकांनी मासे पोटासाठी धरले, विकण्यासाठी नव्हे. त्यांचा व्यवसाय कागदावर शेतमजुरी. सबब ते सभासद नाहीत. सभासद नाहीत म्हणून तलावावर त्यांचा गळ म्हणजे चोरी. माझ्या नात्यातल्या एका म्हाताऱ्याला एका तलावावर राखणदाराने हटकले, गळ तोडून फेकला आणि दोन मासे काढून घेतले. त्या तलावाखाली त्याच्या बापाच्या वेळचा डोह आहे. म्हाताऱ्याने मला विचारले, “बाळा, आता नदीला पण सातबारा झाला का रं?” मी त्याला ठेका म्हणजे काय ते समजावून सांगितले. ते समजले म्हणून त्याचे समाधान झाले असे नाही.

इथे भोई विरुद्ध दलित असे भांडण लावून देणे फार सोपे आहे आणि काही ठिकाणी ते लावले जातेही. राखणदार बहुधा भोयाचाच पोरगा असतो. त्याच्याही आजाचा डोह त्याच पाण्याखाली गेला आहे, त्याची टरबुजाची वाडीही गेली आहे. गळाने दोन मासे नेणारा आणि जाळ्याने दोन मण ओढून व्यापाऱ्याच्या तराजूवर टाकणारा, या दोघांपैकी तलावाचा नफा कोणाच्याच घरी जात नाही. हे आपल्या कार्यकर्त्यांनी भोईवाड्यात जाऊन सांगितले पाहिजे, आणि त्याआधी त्यांचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे.

धरणाच्या वरच्या आणि खालच्या नदीचे काय झाले, तेही थोडक्यात सांगतो. पहिल्या पुराबरोबर मासे धारेविरुद्ध वर चढतात आणि ओढ्यात, भरलेल्या वावरात जाऊन अंडी घालतात. याला चढण म्हणतात. या चढणीच्या माशांचे पोट अंड्यांनी भरलेले असते आणि ते दाटीने चढत असल्यामुळे सहज सापडतात. त्यामुळे एका दिवसाच्या हावेत पुढच्या वर्षीचा डोह रिकामा होतो. या बाबतीत आमचे लोकही निर्दोष नाहीत. समुद्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, ती वर्तमानपत्रांत येते, तिची चर्चा होते. नदीच्या चढणीकडे पाहायला कोणाला सवड नाही. सम्राट अशोकाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात आपल्या पाचव्या स्तंभलेखात काही जातींचे मासे अवध्य ठरवले होते आणि वर्षातल्या ठरावीक दिवशी मासे मारू नयेत, विकू नयेत अशी आज्ञा कोरून ठेवली होती. त्या आज्ञेचे आपण वारसदार म्हणवतो.

चढणीच्या वाटेत आता बंधारे आहेत. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला पावसाळ्यानंतर फळ्या घालायच्या आणि पावसाळ्याआधी काढायच्या असतात. वेळेवर काढल्या तर पूरही जातो आणि मासाही चढतो. फळ्या गंजून खाचेत अडकल्या, किंवा काढायला माणूसच आला नाही, तर मासा भिंतीला डोके आपटत राहतो. वाळूचा उपसा हा दुसरा घाव. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने दीपककुमार खटल्यात लहान क्षेत्रातील वाळू उत्खननालाही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरवली. तरी रात्री नदीपात्रातून ट्रॅक्टर कोणाचे निघतात हे गावात सर्वांना माहीत असते. वाळू गेली की झिरा गेला, टरबुजाची वाडी गेली, एका डोहातून दुसऱ्या डोहाकडे झिरपणारे पाणी गेले आणि एप्रिलचा डोह फेब्रुवारीतच कोरडा पडू लागला. विहिरीच्या कामाचा सुरुंग डोहात फोडणारेही आहेत. १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमाने स्फोटके आणि विष वापरून मासे मारण्यास मनाई केली, त्याला सव्वाशे वर्षे उलटली.

अवर्षणात हे सारे एकदम उघडे पडते. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले होते. लातूरला पाणीवाटपाच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला पोचली. तिची छायाचित्रे देशभर छापून आली. त्याच तलावावर पोट असलेल्यांकडे कॅमेरे फारसे वळले नाहीत. पाणी उतरते तसा मासा दाटतो, प्राणवायू कमी पडतो आणि कटला-रोहू आधी मरतात, कारण त्यांना मरळीसारखा हवेतून श्वास घेता येत नाही. ठेका तलावाच्या क्षेत्रावर ठरतो, मासा पावसावर. जुन्या डोहातल्या माशाला अवर्षणाची सवय होती. नव्या तलावातला मासा आणि त्यावर कर्ज काढणारा मच्छीमार, दोघेही या नदीच्या स्वभावाला परके पडले.

याच पट्ट्यात, कसबे तडवळे येथे २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी महार-मांग वतनदारांची परिषद झाली आणि तिला बाबासाहेब उपस्थित होते. गावाने आमच्याकडून काय काम घ्यायचे ते रूढीने पक्के ठरलेले होते, आम्हाला काय मिळायचे ते मात्र देणाऱ्याच्या मर्जीवर. नदीच्या बाबतीत आज तोच प्रकार नव्या कागदावर आहे. तेव्हा कागद वाचल्यावाचून गत्यंतर नाही. कोणत्या तलावाचा ठेका कोणत्या संस्थेकडे, किती वर्षांचा, किती रकमेचा, सभासद किती आणि त्यांतले प्रत्यक्ष पाण्यात उतरणारे किती, बोटुकली किती सोडली, हे सारे माहितीच्या अधिकाराखाली, २००५ च्या कायद्याने, दहा रुपयांच्या अर्जावर मागता येते. माझ्या वर्गातल्या काही मुलांनी आपापल्या गावच्या तलावापुरते हे काम हाती घेतले आहे. मागण्याही फार मोठ्या नाहीत. घरी खाण्यापुरता गळ टाकणाऱ्याला ठेक्याच्या अटीतच मोकळीक द्यावी. काठच्या भूमिहीनांना, मग ते कोणत्याही जातीचे असोत, सभासद करून घ्यावे. बिजासाठी भांडवल संस्थेला बँकेतून मिळावे, व्यापाऱ्याच्या खिशातून नव्हे. चढणीचे पंधरा दिवस नदी आणि ओढे सोडून द्यावेत, आणि बंधाऱ्याच्या फळ्या मे महिन्यात निघाल्या की नाही ते ग्रामसभेत विचारावे. यांतली शेवटची मागणी सर्वांत स्वस्त आहे. तिला फक्त एक माणूस, एक पहार आणि दोन दिवसांची मजुरी लागते.